पावसाळ्यात पेरोव्स्काइट सौर सेल पुन्हा पुन्हा पिवळे पडतात: पाणी नेमकं कुठून शिरतंय ते कसं शोधायचं

दरवर्षी पाऊस लागला की तीच तक्रार सुरू होते. मार्च-एप्रिलमध्ये हाताला बसलेली कृती, तीच रसायनं, तोच स्पिन कोटर (काच गरगर फिरवून पातळ थर देणारं यंत्र), तोच माणूस. आणि जुलैत मात्र सेल उतरतात. कुणाचा काळाभोर चकचकीत येणारा थर दुधी येतो. कुणाचा सेल पहिल्या दिवशी छान आकडा देतो आणि आठवड्याभरात कडेने पिवळा होत जातो. कुणाचा रंग जसाच्या तसा असतो, पण फिल फॅक्टर (करंट-व्होल्टेज आलेख किती चौकोनी आहे ते सांगणारा आकडा) रोज थोडा घसरतो. तिन्ही तक्रारींवर एकच शेरा बसतो, ‘ओलावा’, आणि एकच औषध शोधलं जातं: पेरोव्स्काइटवर, म्हणजे प्रकाश शोषणाऱ्या या काळ्या स्फटिक थरावर, पाणी झटकणारा एखादा रेणू.

मला ही घाई पटत नाही. कौलारू घरात भिंतीवर ओल जिथे दिसते, त्याच्या बरोबर वरचं कौल फुटलेलं असतं असं नाही. सेलचंही तसंच आहे. पाणी थर बनतानाच आत येतं, वरच्या होल-वाहक (धन प्रभार वाहून नेणाऱ्या) थरातून येतं, किंवा सीलच्या कडेने येतं. या तिन्ही वाटा वेगळ्या, त्यांचे उपायही वेगळे. आणि बऱ्याचदा पाण्याचा काही संबंधच नसतो. उष्णता किंवा प्रकाश काम करत असतो आणि आपण दोष पावसाला देतो. म्हणून कृती बदलण्याआधी वाट शोधा. खाली लिहिलंय ते मुख्यतः मोठ्या ग्लोव्हबॉक्सची (कोरड्या वायूने भरलेल्या बंद पेटीची) चैन नसलेल्या विद्यापीठीय प्रयोगशाळांसाठी आणि काचेपासून वर टिटानिया (टायटेनियम ऑक्साइड) किंवा टिन ऑक्साइड, पेरोव्स्काइट, होल-वाहक म्हणून स्पायरो-ओमेटॅड (पुढे नुसतं ‘स्पायरो’) आणि धातू अशी रचना वापरणाऱ्यांसाठी आहे.

पिवळे दोन आहेत, आधी ते ओळखा

पाण्याशी या पदार्थाचं वैर जन्मापासूनचं आहे. २००९ मध्ये योकोहामाच्या तोइन विद्यापीठात मियासाका यांच्या गटाने पेरोव्स्काइट पहिल्यांदा सेलमध्ये वापरला तेव्हा ३.८ टक्के कार्यक्षमता मिळाली, पण द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये तो पदार्थ काही मिनिटांत विरघळून जाई. २०१२ मध्ये द्रवाच्या जागी घन स्पायरो आला, दक्षिण कोरियातल्या पार्क यांच्या गटाने ९.७ टक्के गाठले, आणि सेल ५०० तास टिकल्याची नोंद झाली. द्रवाचा प्रश्न सुटला. हवेतल्या बाष्पाचा उरला.

मिथाइलअमोनियम लेड आयोडाइड हा पेरोव्स्काइट बाष्प घेतो तेव्हा आधी त्याचं मोनोहायड्रेट बनतं. ते फिकट, जवळजवळ पारदर्शक असतं. या टप्प्यावर थर कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवला तर काळा रंग परत येतो. ‘बरा झाला’ असं मात्र समजू नका. कणांच्या सीमा एव्हाना विस्कटलेल्या असतात आणि सेल पूर्वीचा आकडा देत नाही. पाणी तसंच मिळत राहिलं तर पुढे मिथाइलअमाइन आणि हायड्रोजन आयोडाइड उडून जातात आणि मागे पिवळा लेड आयोडाइड उरतो. इथून परतीची वाट नाही.

मिथाइलअमोनियमच्या जागी फॉर्मामिडिनियम हा सेंद्रिय आयन जास्त असलेल्या थराची गोष्ट निराळी. तिथे पाणी पदार्थ फोडण्याआधीच त्याची काळी अवस्था पिवळ्या षट्कोनी अवस्थेत ढकलतं. रासायनिक घटक तेच राहतात, रचना बदलते. डोळ्याला दोन्ही पिवळे सारखेच दिसतात, आणि इथेच पुष्कळ लोक चुकीच्या दिशेला लागतात.

फरक ओळखायला एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण विवर्तन, सर्वात सोपं. तांब्याच्या नेहमीच्या क्ष-किरणांवर काळ्या पेरोव्स्काइटचं शिखर १४ अंशांच्या आसपास, लेड आयोडाइडचं १२.७ वर, आणि फॉर्मामिडिनियमच्या पिवळ्या अवस्थेचं ११.८ वर येतं. एक्सआरडीची रांग मोठी असेल तर वर स्पायरो नसलेला, नुसता पिवळा पडलेला फॉर्मामिडिनियमचा थर घ्या आणि १५० अंशांच्या हॉटप्लेटवर काही मिनिटं ठेवा. काळा परत आला तर अवस्थेचा प्रश्न आहे. सीझियम वाढवणं किंवा बाष्प अडवणं हे उपाय चालतील. पिवळा तसाच राहिला तर लेड आयोडाइड आहे, म्हणजे सेंद्रिय घटक निघून गेलाय. वर स्पायरो असलेल्या सेलवर हा प्रयोग करू नका, स्पायरोच खराब होईल आणि काहीच कळणार नाही.

रंग कुठून बदलतोय

सेल उलटा करा, काचेची बाजू वर येईल असा पांढऱ्या कागदावर ठेवा आणि रोज एकाच दिव्याखाली मोबाइलने फोटो काढा. एवढं साधं काम, पण यातून जे कळतं ते महागड्या यंत्रातूनही पटकन कळत नाही. पिवळेपणा कडेकडून आत सरकत असेल तर पाणी सीलमधून किंवा उघड्या कडेतून येतंय. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके विखुरलेले असतील आणि ते गोल वाढत असतील तर वरच्या थराला छिद्रं आहेत किंवा धुळीचे कण बसलेत. धातूच्या इलेक्ट्रोडखाली किंवा त्याच्या कडेच्या रेषेवर बदल सुरू झाला असेल तर चांदी आणि आयोडाइडचं प्रकरण आहे. पूर्ण थर पहिल्या दिवसापासून एकसारखा धूसर असेल तर पाणी बनवतानाच शिरलंय. आणि फक्त दिव्याखाली असलेला भाग बदलला, सावलीतला तसाच राहिला, तर प्रकाशाकडे बघा.

करंट-व्होल्टेज आलेखही बोलतो. शॉर्ट सर्किट करंट टिकून आहे पण फिल फॅक्टर पडतोय, आलेखाला वाकडा एस-आकार येतोय, तर पेरोव्स्काइट बहुधा शाबूत आहे. वाहक थर किंवा संपर्क बिघडलाय. करंटच घसरला तर प्रकाश शोषणारा थरच कमी होतोय. रंग न बदलता फिल फॅक्टर पडणारा जुलैतला सेल दिसला की मी आधी स्पायरोवर संशय घेतो.

बनवतानाच शिरलेलं पाणी

इथे सर्वात जास्त लोक अडकतात, म्हणून थोडं सविस्तर.

पहिली गोष्ट, भिंतीवरच्या हायग्रोमीटरचा टक्का एकट्याने काही सांगत नाही. ३२ अंशांना २५ टक्के म्हणजे एका घनमीटर हवेत सुमारे साडेआठ ग्रॅम पाणी. २८ अंशांना ८५ टक्के म्हणजे सुमारे २३ ग्रॅम. दुसऱ्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो. आता एसीने २२-२३ अंशांवर आणलेल्या खोलीचा दरवाजा कुणी उघडला आणि बाहेरची हवा आत आली, तर थंड काचेवर दव पडायला काहीच कमी नाही.

आणि काच खोलीपेक्षाही थंड होते, हे लक्षात राहत नाही. स्पिन होत असताना द्रावक उडतो आणि थराची उष्णता घेऊन जातो. अँटिसॉल्व्हंट (थर झटकन स्फटिकात उतरावा म्हणून स्पिन होताना ओतायचा द्रव) म्हणून डायएथिल ईथर वापरत असाल तर त्याचा उत्कलनबिंदू ३४.६ अंश, तो एवढ्या झपाट्याने उडतो की थराचं तापमान क्षणात खाली येतं. खोलीचा दवबिंदू १६ अंश असला तरी पृष्ठभाग तिथे पोहोचू शकतो. मग त्यावर डोळ्याला न दिसणारं दव पडतं आणि थर दुधी होतो. क्लोरोबेन्झीन १३२ अंशांना उकळतं, सावकाश उडतं, त्यामुळे हा त्रास कमी. उघड्या हवेत काम करणाऱ्यांसाठी एथिल ॲसिटेट चांगलं. ते थराजवळचं पाणी स्वतःत ओढून घेतं. पण माझ्या मते पावसाळ्यातला सर्वात भरवशाचा बदल म्हणजे द्रव अँटिसॉल्व्हंट सोडून थरावर कोरड्या नायट्रोजनचा झोत मारणं. जी हवा थराला टेकते तीच कोरडी होते, खोली काही का असेना.

नायट्रोजन परवडत नसेल आणि कंप्रेसरची हवा वापरत असाल तर सावध. पावसाळ्यात कंप्रेसर पाणी आणि तेलाचे तुषार दोन्ही देतो. मध्ये ड्रायर, सिलिका जेलची नळी आणि फिल्टर नसेल तर तुम्ही थरावर पाणीच फवारताय. झोत स्वच्छ काचेवर मिनिटभर मारा आणि काच तिरकी धरून दिव्यासमोर बघा. धुरकट डाग दिसला तर तो झोत सेलच्या जवळ आणू नका.

स्पिन कोटरभोवती ॲक्रिलिकची पेटी आणि तिच्यात कोरड्या हवेचा संथ प्रवाह, एवढ्याने बराच फरक पडतो. हॉटप्लेटही त्याच पेटीत हवी. डीएमएसओ हा द्रावक अजून अडकलेला ओला मधला थर सर्वात हळवा असतो, आणि तो खोलीतून चालत हॉटप्लेटपर्यंत नेणं हीच खरी गळती असते. हायग्रोमीटर पेटीच्या आत, चकच्या (काच बसते त्या फिरत्या चकतीच्या) शेजारी ठेवा. स्वस्त डिजिटल हायग्रोमीटर काही टक्क्यांनी चुकतात; ते तपासायला घट्ट झाकणाच्या डब्यात मीठ आणि थोडं पाणी यांचा ओलसर लगदा ठेवा, हायग्रोमीटर त्याला न टेकवता आत ठेवा आणि डबा बंद करून काही तास थांबा. आकडा ७५ टक्क्यांजवळ यायला हवा. जेवढा फरक, तेवढी दुरुस्ती वहीत लिहून ठेवा.

मग बाटल्या. फ्रीजमधून काढलेली आयोडाइड मिठाची बाटली थंड असताना उघडली की आतल्या भुकटीवर दव पडतं. दुसऱ्या दिवशी भुकटी गोळे धरते आणि वजनात पाणी मोजलं जातं, म्हणजे प्रमाणच चुकतं. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण फिरवा. डीएमएफ आणि डीएमएसओ हे दोन्ही द्रावक हवेतून पाणी ओढतात. मोठी बाटली आठवडे वापरण्याऐवजी छोट्या, सेप्टम (सुई आरपार जाईल असं रबरी बूच) लावलेल्या बाटल्या घ्या. पेरोव्स्काइटवर टाकायच्या द्रावणासाठी वापरलेलं आयसोप्रोपेनॉलही याच यादीत येतं, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही.

यूव्ही-ओझोन केलेली टिटानियाची किंवा टिन ऑक्साइडची काच पाण्यासाठी हपापलेली असते. ओझोनमधून काढून ती तासभर ट्रेमध्ये ठेवली तर तिच्यावर पाण्याचा थर बसतो आणि तो पेरोव्स्काइटच्या खाली कायमचा अडकतो. वापरण्याआधी १०० अंशांच्या वर दहाएक मिनिटं तापवा आणि पेटीतच थंड होऊ द्या.

एक मात्र सांगायला हवं. बाष्प शून्यावर आणायचं हे ध्येय नाही. २०१४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या गटाने दाखवलं की सुमारे ३० टक्के आर्द्रतेत तापवल्यास कण मोठे होतात आणि सेल सुधारतो. थोडं पाणी आयनांना हलायला मदत करतं. म्हणजे मार्चमधली तुमची कृती कदाचित त्या थोड्या बाष्पावरच उभी होती. म्हणून पेटीतला आकडा वर्षभर एकच ठेवणं जास्त महत्त्वाचं. तो २० असो की ३०, पण तोच राहू द्या.

स्पायरो: वरून येणारी गळती

नेहमीची कृती सगळ्यांना पाठ असते: एक मिलिलिटर क्लोरोबेन्झीनमध्ये ७२.३ मिलिग्रॅम स्पायरो, २८.८ मायक्रोलिटर टर्ट-ब्युटिलपिरिडीन आणि ॲसिटोनायट्राइलमध्ये ५२० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर विरघळवलेल्या लिथियम मिठाचे १७.५ मायक्रोलिटर. हिशेब केला तर स्पायरोच्या दर दोन रेणूंमागे साधारण एक लिथियम मीठ येतं. आणि हे मीठ, ली-टीएफएसआय, पावसाळ्यात चमच्यावर काढताक्षणी ओलसर चिकट होतं. तेवढं पाणीवेडं मीठ आपण सेलच्या छपरात मिसळतोय. ते कोरड्या जागेतच वजन करा. बाटली एकदा चिकट झाली की ती आणखी वापरून पैसे वाचत नाहीत.

पिरिडीनचं दुखणं वेगळं. ते हळूहळू थरातून उडून जातं, लिथियम मिठाचे गोळे होतात, आणि जिथून ते निघून गेलं तिथे पोकळ्या राहतात. शिवाय स्पिन केलेल्या स्पायरोत थराच्या आरपार जाणारी सूक्ष्म छिद्रं असतात, हे जपानच्या ओकिनावामधल्या गटाने दाखवून दिलंय. बाष्प खाली जातं, आयोडाइड वर येतं, दोघांनाही तीच वाट. द्रावण टाकण्याआधी पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टरमधून गाळा, ताजं द्रावण वापरा, आणि थर थोडा जाड ठेवा.

आता पावसाळ्यातली खास चूक. स्पायरोला ऑक्सिजन लागतो, त्याशिवाय त्याची वाहकता येत नाही, म्हणून सेल रात्रभर हवेत ठेवायची पद्धत आहे. उन्हाळ्यात ती चालते. जुलैत टेबलावर रात्रभर उघडा ठेवलेला सेल ऑक्सिजनपेक्षा पाणीच जास्त पितो. उपाय अगदी सोपा: भरपूर सिलिका जेल टाकलेला डेसिकेटर, आत साधी हवा, झाकण बंद, अंधार. निर्वात करू नका, नायट्रोजन भरू नका. बंद भांड्यातल्या हवेत ऑक्सिजन पुरेसा असतो. पाणी सिलिका जेल घेतं. जेल मात्र रंग बदलल्यावर ओव्हनमध्ये सुकवलेलं हवं. पुष्कळ डेसिकेटरमधलं जेल गेल्या वर्षीचं आणि तृप्त झालेलं असतं, त्याला शोभेपलीकडे अर्थ नाही.

हे सगळं करूनही फिल फॅक्टर पडत राहिला तर पीटीएए हा पॉलिमर किंवा डोपिंग (लिथियम मिठासारखी भर) न लागणारा होल-वाहक बघा. आणि धातूच्या बाष्पीभवनाचं यंत्र नसलेल्या प्रयोगशाळांना मी कार्बन इलेक्ट्रोडची शिफारस मनापासून करेन. वुहानमधल्या हान यांच्या गटाने २०१४ मध्ये टिटानिया, झिर्कोनिया आणि कार्बनचे सच्छिद्र थर छापून त्यात पेरोव्स्काइट मुरवला. स्पायरो नाही, सोनं नाही. १२.८ टक्के कार्यक्षमता, आणि सील न करता हवेत पूर्ण प्रकाशात हजार तासांहून जास्त टिकाव. आकडा स्पायरोच्या सेलएवढा नाही, पण टिकाव हाच तुमचा प्रश्न असेल तर ही रचना पहिल्यापासून वेगळ्या पायावर उभी आहे.

थेंबाचे फोटो पाण्याची वाफ अडवत नाहीत

फिनाइलएथिलअमोनियम आयोडाइड किंवा ऑक्टिलअमोनियम आयोडाइडसारख्या मोठ्या रेणूंचा पातळ थर देऊन पेरोव्स्काइटवर द्विमितीय टोपी चढवायची, हा आता जवळजवळ रिवाज झालाय. त्यात तथ्य आहे. स्टॅनफर्डच्या करुणादास यांच्या गटाने २०१४ मध्येच दाखवलं होतं की थराथरांनी बनलेला असा द्विमितीय पेरोव्स्काइट दमट हवेत कितीतरी जास्त टिकतो. राइस विद्यापीठात आदित्य मोहिते यांचा गट याच मार्गावर सातत्याने काम करतो. पृष्ठभागावरचे दोषही या रेणूंनी झाकले जातात आणि व्होल्टेज वाढतं.

माझा आक्षेप त्याच्या पुराव्याला आहे. पाण्याचा थेंब थरावर ठेवायचा, त्याचा संपर्क-कोन मोजायचा, कोन मोठा आला की ‘ओलावारोधक’ म्हणायचं. थेंब द्रव पाण्याचा असतो. सेलला मारतं ते बाष्प. पाणी झटकणाऱ्या थरातूनही बाष्पाचा एकेक रेणू सहज पलीकडे जातो. कोन पृष्ठभागाबद्दल सांगतो, थराच्या आरपार किती पाणी जातं याबद्दल काहीच सांगत नाही. टोपी चढवली की दोन सेल, टोपीचा आणि बिनटोपीचा, एकाच आर्द्रतेच्या डब्यात ठेवून रंग आणि करंट बघा. तोच खरा निकाल.

करताना दोन जागी घसरायला होतं. द्रावण गाढ झालं तर टोपी जाड होते, होल पलीकडे जाऊ शकत नाहीत आणि फिल फॅक्टर पडतो. मग तो पडलेला फिल फॅक्टर पुन्हा ओलाव्याच्या खात्यावर मांडला जातो. आणि टोपी तापमानाला स्थिर राहत नाही: ८५ अंशांना मोठे रेणू हळूहळू आत सरकतात.

सील

सेल स्वतः कितीही सुधारला तरी शेवटी त्याला काच-काच सील लागतंच. तरीही सीलवर सर्वात कमी वेळ खर्च होतो.

कडा आधी पुसा. इपॉक्सी किंवा ब्युटिल पट्टी जिथे बसणार आहे तिथला पेरोव्स्काइट आणि स्पायरो पूर्ण खरवडून, पुसून नागडी काच दिसली पाहिजे. गोंद थरावर बसला तर त्याच्याखालून थरातूनच पाणी आत जातं, गोंद कितीही भारी असो. कडेने आत सरकणाऱ्या पिवळेपणाची बहुतेक प्रकरणं इथेच संपतात.

दुसरं, तारा. सीलमधून बाहेर येणारी गोल तार किंवा सिल्व्हर पेस्टचा पट्टा म्हणजे पाण्यासाठी बोगदा. संपर्क काचेवरच्या एफटीओमधूनच (पारदर्शक वाहक लेपातूनच) बाहेर काढा. तो सपाट असतो, सील त्यावर नीट बसतं.

तिसरं, आत अडकलेलं पाणी. जुलैतल्या हवेत सील केलेला सेल बाष्प आत घेऊनच बंद होतो, आणि सील जेवढं चांगलं तेवढं ते आतच राहतं. सील करण्याआधी सेल आणि वरची काच रात्रभर अंधारात निर्वातात ठेवा, आणि पोकळी असेल तर तिच्यात शोषकाचा छोटा तुकडा टाका.

पट्टीची रुंदी किती? बाष्प पसरत आत येतं तेव्हा आतल्या कडेशी पोहोचायला लागणारा वेळ रुंदीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ५ मिलिमीटरची पट्टी १० केली तर वेळ दुप्पट नाही, चौपट होतो. छोट्या सेलवर जागा वाचवायला रुंदी कमी करणं म्हणजे सर्वात स्वस्त संरक्षण टाकून देणं आहे.

सामग्रीत ईव्हीए (एथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट प्लास्टिक) टाळता आलं तर टाळा. सिलिकॉन पॅनेलमध्ये ते वर्षानुवर्षं वापरात आहे, पण ते १४०-१५० अंशांना शिजतं आणि जुनं होताना ॲसेटिक आम्ल सोडतं. पॉलिओलेफिन बरं, आणि कडेला पॉलिआयसोब्युटिलीन म्हणजे ब्युटिल. सिडनीच्या ॲनिटा हो-बेली यांच्या गटाने २०२० मध्ये ब्युटिलच्या साध्या आच्छादनाने सेल ८५ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेत १,८०० तास टिकवून दाखवले. त्यांचं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं: घट्ट सील पाणी बाहेर ठेवतंच, शिवाय विघटनातून निघणारे वायूही आत कोंडतं, आणि ते बाहेर जाऊ शकले नाहीत की विघटन पुढे सरकत नाही. यूव्हीने कडक होणारं इपॉक्सी वापरत असाल तर सेलच्या सक्रिय भागावर झाकण धरा, आणि न शिजलेलं इपॉक्सी थराला टेकू देऊ नका.

सील दोषी की सेल, हे ठरवायची माझी आवडती चाचणी खर्चाची नाही. काचेवर नुसता मिथाइलअमोनियम लेड आयोडाइडचा थर घाला, वर काहीही नको, आणि नेहमीच्या पद्धतीने सील करा. हा थर पाण्याला सर्वात हळवा, म्हणून तोच तुमचा मापक. तो दमट डब्यात काळा राहिला आणि तुमचा सेल मात्र बिघडला, तर सील बरं आहे, दोष आतल्या थरांत. तो कडेने पिवळा झाला तर सेलवर आणखी प्रयोग करण्यात अर्थ नाही. ज्यांच्याकडे कॅल्शियम बाष्पित करायची सोय आहे त्यांनी पेरोव्स्काइटऐवजी कॅल्शियमचा आरसा घालावा. पाणी लागलं की तो पारदर्शक होतो आणि गळती मोजताही येते.

पाणी नसतंच तेव्हा

एकाच बॅचचे सेल चार ठिकाणी वाटा: कोरड्या अंधारात, दमट अंधारात, कोरड्या ८५ अंशांच्या अंधारात, आणि नायट्रोजनमध्ये दिव्याखाली. दमट डब्यासाठी संतृप्त क्षार पुरतात. खोलीच्या तापमानाला मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्के देतं, साधं मीठ ७५, पोटॅशियम क्लोराइड ८५ च्या जवळ. फक्त दमट डब्यातले सेल मेले तर पाणी. इतर कुठलेही मेले तर पाणी एकटं दोषी नाही.

मिथाइलअमोनियमचा सेल ८५ अंशांना पूर्ण कोरड्या नायट्रोजनमध्येही एका दिवसात खराब होऊ लागतो. त्याला सील वाचवत नाही, सीझियम-फॉर्मामिडिनियमकडे जावं लागतं. प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र आले तर पाण्याविना सुपरऑक्साइड बनून पदार्थ फुटतो. आणि टिटानियावर बनवलेला, उत्तम सील केलेला सेल उन्हात उघड्या सेलपेक्षा आधी मेला तर चक्रावू नका: ऑक्सफर्डच्या गटाने २०१३ मध्ये हेच पाहिलं. यूव्हीने टिटानियाच्या पृष्ठभागावरचा ऑक्सिजन निघतो आणि बंद पोकळीत तो परत मिळत नाही. टिन ऑक्साइड वापरा किंवा काचेवर यूव्ही फिल्टर लावा. चांदीखालचा पिवळेपणा सिल्व्हर आयोडाइडचा असतो. मधे अडथळ्याचा थर घाला. उलट्या रचनेत (होल-वाहक खाली, इलेक्ट्रॉन-वाहक वर) सी-६० या कार्बनच्या रेणूच्या थरावर अणुथर पद्धतीने (एकेक अणूचा थर चढवत) टिन ऑक्साइड देता येतं; २०१७ मध्ये स्टॅनफर्ड आणि ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या गटांनी सिलिकॉनवरच्या २३.६ टक्क्यांच्या जोडसेलसाठी हाच थर वापरला होता, आणि त्यांच्या पेरोव्स्काइट सेलने ८५-८५ मध्ये हजार तास काढले.

निकाल लिहिताना ‘स्थिर’ एवढंच लिहू नका. २०२० च्या आयसॉस सहमतीत, म्हणजे टिकाव-चाचण्यांवर संशोधकांच्या एकमतात, चाचण्यांची नावं ठरली आहेत: डी म्हणजे अंधारात ठेवलेला, एल म्हणजे प्रकाशात, आय म्हणजे कोरड्या निष्क्रिय वायूत. डी-३ म्हणजे ६५ किंवा ८५ अंश, ८५ टक्के आर्द्रता. व्यापारी पॅनेलच्या आयईसी ६१२१५ या मानकात ८५ अंश, ८५ टक्के ही स्थिती १,००० तास, आणि घट ५ टक्क्यांच्या आत हवी. शिवाय किती सेल ठेवले आणि त्यातले किती टिकले, तेही लिहा. एकाच सर्वोत्तम सेलचा आलेख गळती शोधायच्या कामाचा नसतो.

पिवळे पडलेले सेल कचऱ्यात टाकू नका. लेड आयोडाइड पाण्यात थोडं विरघळतं, आणि डीएमएसओतलं शिसं हातमोज्यातून, कातडीतून आत जातं. फुटलेल्या काचा आणि पुसलेले बोळे घट्ट झाकणाच्या, ‘शिसं’ लिहिलेल्या वेगळ्या डब्यात ठेवा आणि घातक कचऱ्याच्या अधिकृत वाहतुकीलाच द्या. पावसाळ्यात हा डबा खिडकीखाली किंवा मोरीजवळ ठेवू नका.